गिरणी की कणगी? अतिक्रियाशील थायरॉईडविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी थायरॉईडविषयी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत ‘थायरॉईड वाढला’ असे म्हटलेले आहे. हा शब्दप्रयोग आधी बाजूला ठेवावा लागेल. आपल्याकडे टीएसएचचा आकडा वाढला तरी ‘थायरॉईड वाढला’ असेच म्हणतात. वास्तविक टीएसएच वाढणे ही ग्रंथी मंदावल्याची खूण असते, कारण मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टीएसएच वाढवून आळसावलेल्या थायरॉईडला हाका मारत असते. येथे निवडलेली पत्रे याच्या नेमक्या उलट स्थितीची आहेत. या स्थितीत टीएसएच जवळजवळ शून्यावर येते आणि पुष्कळदा टी-३ व टी-४ ही संप्रेरके रक्तात जास्त झालेली असतात. पत्रे संक्षिप्त केली आहेत व नावे वगळली आहेत. पत्रावरून निदान करता येत नाही, तेव्हा उत्तरांचा उपयोग आपल्या डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारण्यापुरता करावा.

प्रश्न : माझे वय २८ आहे. बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात छातीत धडधड होऊ लागली, हात थरथरू लागले आणि वजन उतरले. तपासणीत टीएसएच ०.०२ आले, टी-४ जास्त निघाले. जवळच्या दवाखान्यात रोज २० मिलिग्रॅम कार्बिमाझोल सुरू केले. माझ्या मावशीलाही हीच गोळी होती आणि ती बरी झाली, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दोन महिन्यांनी आता टीएसएच ३८ आहे, चेहरा सुजतो, थंडी वाजते, दिवसभर झोप येते. आजार उलटला का? मी बाळाला अंगावर पाजते. (इस्लामपूर)

उत्तर : आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘टीएसएच’ नसून ‘बाळंतपणानंतर’ हा आहे. रक्तात थायरॉईडचे संप्रेरक जास्त होण्याच्या दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत. पहिल्या वाटेत ग्रंथी गरजेपेक्षा जास्त संप्रेरक तयार करते, म्हणजे गिरणी रात्रंदिवस चालू राहते. दुसऱ्या वाटेत तयार करण्याचे काम वाढलेले नसते, उलट थांबलेलेच असते; पण ग्रंथीला सूज येऊन तिच्या पेशी फुटतात आणि आत साठवलेले संप्रेरक रक्तात सांडते, म्हणजे कणगी फुटते. थायरॉईड ही साठा करणारी ग्रंथी आहे, तिच्यात कित्येक आठवडे पुरेल एवढे संप्रेरक भरलेले असते, त्यामुळे कणगी फुटली तरी दीड-दोन महिने सांडत राहते. दोन्ही वाटांनी धडधड तीच, कंप तोच आणि प्रयोगशाळेच्या कागदावरचे आकडेही पुष्कळदा तेच.

कार्बिमाझोल ही गोळी गिरणी बंद करते. सांडणाऱ्या धान्यावर तिचा काही परिणाम होत नाही. कणगी फुटलेल्या रुग्णाला ही गोळी देणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि पुढे तर त्याहून वाईट होते: सांडणे आपोआप थांबते, कणगी रिकामी झालेली असते, आणि ग्रंथीने पुन्हा काम सुरू करावे म्हटले तर गोळीने गिरणीला कुलूप घातलेले असते. आपले ३८ हे टीएसएच बहुधा या मार्गाने आले असावे.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्के स्त्रियांना थायरॉईडची अशी सूज येते. गरोदरपणात सौम्य झालेली प्रतिकारशक्ती प्रसूतीनंतर पुन्हा जोर धरते आणि स्वतःच्याच ग्रंथीवर घसरते. पहिल्या सहा महिन्यांत धडधडीचा टप्पा, त्यानंतर काही महिने मंदपणाचा टप्पा आणि वर्ष संपेपर्यंत बहुतेकींची ग्रंथी पूर्ववत, असा तिचा क्रम असतो. कुणाला यातला एकच टप्पा जाणवतो. धडधडीच्या टप्प्यात फक्त प्रोप्रानोलॉलसारखी नाडी सावकाश करणारी गोळी पुरते, तीही दम्याचा त्रास नसेल तर. अडचण अशी की प्रसूतीनंतर ग्रेव्हज नावाचा खरा गिरणीचा आजारही डोके वर काढतो. आपल्या मावशींना तो असावा. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वीच दोहोंतला फरक पाहायला हवा होता.

हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो टेक्नेशियम स्कॅनमध्ये, म्हणजे काम करणारी ग्रंथी ओढून घेते असे सौम्य किरणोत्सारी द्रव्य देऊन काढलेल्या चित्रात. ग्रेव्हजमध्ये गळ्यावर फुलपाखराचे दोन्ही पंख सारखे काळेभोर उमटतात. एकाच गाठीचा आजार असेल तर एक गडद ठिपका दिसतो आणि बाकीचा पंख जवळजवळ पुसलेला असतो. सूज असेल तर थायरॉईडची जागा कोरी राहते आणि वर जबड्यापाशी लाळेच्या ग्रंथी तेवढ्या दिसतात. हे कोरे चित्र पहिल्यांदा पाहणाऱ्या नातेवाइकांना यंत्र बिघडले असे वाटते. आपण बाळाला पाजत असल्याने या स्कॅनसाठी काही काळ दूध काढून टाकावे लागते, आणि आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी द्रव्य तर स्तनदा मातेला तपासणीसाठीसुद्धा देत नाहीत. त्यामुळे आपल्यासारख्या स्त्रीमध्ये रक्तातील टीएसएच-रिसेप्टर प्रतिपिंडे, म्हणजे प्रतिकारशक्तीने तयार केलेल्या व ग्रंथीला चेतवणाऱ्या अँटिबॉडी (प्रयोगशाळेच्या यादीत ही तपासणी ‘ट्रॅब’ या नावाने असते) आणि गळ्याची डॉपलर सोनोग्राफी यांवर भर देतात. ग्रेव्हजमध्ये प्रतिपिंडे सापडतात आणि ग्रंथीतला रक्तप्रवाह पडद्यावर पेटल्यासारखा दिसतो. सुजेमध्ये प्रतिपिंडे नसतात आणि प्रवाह मंद असतो. आणखी एक साधा दुवा जुन्या रिपोर्टातच सापडेल. चालू गिरणीत टी-३ हे टी-४च्या मानाने अधिक वाढते, सांडण्यात टी-४ अधिक वाढते.

आता काय करावे? निदान कोणतेही असो, टीएसएच ३८ असताना ही मात्रा आपल्याला जास्त होते आहे, तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून गोळीचा निर्णय घ्यावा. ‘ट्रॅब’ची तपासणी आजही करता येते. प्रतिपिंडे नसली तर कदाचित काही महिने थायरॉक्सिन (गोळीतून मिळणारे टी-४) घ्यावे लागेल. ते अंगावर पाजताना निर्धास्तपणे घेता येते आणि सहा ते बारा महिन्यांनी कमी करत बंद करून पाहतात. ग्रंथी पूर्ववत झाली तरी दरवर्षी एकदा टीएसएच तपासावे आणि पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत हा इतिहास सांगावा.

जाता जाता, कणगी फुटण्याचा एक दुखरा प्रकारही आहे. सर्दी-तापानंतर दोन-तीन आठवड्यांनी गळ्याच्या खालच्या भागात दुखू लागते, कळ जबड्यातून कानापर्यंत जाते, गिळताना त्रास होतो, ईएसआर (शरीरातील सूज दाखवणारी रक्ततपासणी) खूप वाढलेला असतो, आणि रुग्ण घसा आला म्हणून अँटिबायोटिकचे दोन-दोन कोर्स घेऊन बसलेला असतो. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द करव्हाँ यांनी १९०४ मध्ये वर्णन केलेल्या या आजाराला वेदनाशामक आणि गरज पडल्यास थोड्या आठवड्यांचे स्टेरॉईड लागते. कार्बिमाझोल नाही आणि अँटिबायोटिकही नाही.

प्रश्न : वय ५६. गळ्याच्या उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आहे. तीन वर्षे कार्बिमाझोल घेतो. गोळी चालू असली की सर्व ठीक असते. दोनदा बंद केली आणि दोन्ही वेळा दोन महिन्यांत धडधड परतली. स्कॅनमध्ये गाठ ‘गरम’ आहे असे लिहिले आहे. आता किरणोत्सारी आयोडीन घ्या म्हणतात. घरी लहान नातू आहे. शिवाय गाठ म्हणजे कर्करोग तर नाही ना? (जळगाव)

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण झोप त्यानेच उडालेली असणार. स्कॅनमध्ये गरम दिसणारी, म्हणजे स्वतः आयोडीन ओढून संप्रेरक बनवणारी गाठ कर्करोगाची असणे फार विरळा. एरवी थायरॉईडच्या गाठीतून सुईने पेशी काढून तपासतात, पण गाठ गरम असल्याचे सिद्ध झाले की बहुधा ती सुईही टाळता येते.

आपला आजार मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकचे हेन्री प्लमर यांनी १९१३ मध्ये ग्रेव्हजपासून वेगळा काढला, आणि असा भेद का करावा याचे उत्तर आपल्याच तीन वर्षांच्या अनुभवात आहे. ग्रेव्हजमध्ये ग्रंथीला चेतवणारी प्रतिपिंडे काही रुग्णांत काळानुसार विरून जातात, म्हणून दीड वर्ष गोळी घेऊन ती थांबवण्याला अर्थ असतो. आपल्या गाठीत मात्र दोष पेशींच्या आतच आहे. टीएसएच ज्या कळीवर बोट ठेवून पेशीला कामाला लावते ती कळच दाबलेल्या स्थितीत अडकून बसलेली असते. अशा अनेक गाठींत त्या कळीच्या जनुकात बदल झालेला असतो, हे १९९३ मध्ये दिसून आले. कोणतीही गोळी ती कळ दुरुस्त करत नाही. म्हणून गाठीच्या आजारात कार्बिमाझोल हा कायमच्या उपचारापूर्वीचा मुक्काम मानतात. वय खूप असेल किंवा दुसरा उपाय शक्य नसेल तर लहान मात्रा वर्षानुवर्षे देतातही, पण ५६ हे तसे वय नव्हे.

कायमचे उपाय मुख्यतः दोन. गाठ मोठी असेल, श्वासनलिकेवर दाब येत असेल किंवा बाजूला दुसरी संशयास्पद गाठ असेल तर शस्त्रक्रिया. एरवी किरणोत्सारी आयोडीन. हा उपचार नवा नाही. बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये तो पहिल्यांदा केला. आयोडीन-१३१चे अर्धायुष्य ८ दिवसांचे आहे आणि त्याचे बीटा किरण उतीमध्ये फार तर दोन मिलिमीटर जातात, त्यामुळे ज्या पेशी आयोडीन ओढतात त्यांच्यावरच मारा होतो. आपल्या बाबतीत निसर्गाची एक सोय आहे: गाठ एवढे संप्रेरक ओतत असते की टीएसएच दबून बाकीची निरोगी ग्रंथी झोपी जाते, ती आयोडीन घेत नाही आणि त्यामुळे वाचते. म्हणून उपचाराच्या वेळी टीएसएच दबलेले असणे इष्ट असते. कार्बिमाझोलची मात्रा जास्त होऊन टीएसएच वर आले असेल तर झोपलेली ग्रंथीही जागी होऊन आयोडीन घेते आणि नंतर ती मंदावण्याची शक्यता वाढते. हा मुद्दा न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांकडे अवश्य काढा, आणि गोळी किती दिवस आधी थांबवायची तेही त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

नातवाविषयी : या आजारासाठी लागणारी मात्रा कर्करोगासाठी देतात तिच्या मानाने लहान असते, आणि बहुधा कॅप्सूल गिळून रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. ठरवून दिलेले दिवस स्वतंत्र झोपावे, नातवाला मांडीवर घेऊ नये, गरोदर स्त्रीजवळ फार वेळ बसू नये, शौचालयात दोनदा पाणी सोडावे. शक्य असेल तर सून आणि नातू त्या काळात माहेरी गेले तर सर्वांनाच सोपे पडते.

प्रश्न : वय ३४, पुरुष. ग्रेव्हजचे निदान झाले आहे. डोळे पुढे आले आहेत, सकाळी पापण्या सुजतात. रोज आठ-दहा सिगारेटी ओढतो. गोळ्यांचा कंटाळा येतो, एकदाचे आयोडीन घेऊन मोकळे व्हावे असे वाटते. (पुणे)

उत्तर : आपल्याला तरी सध्या ते घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये आणि जर्मनीत मेर्सबुर्गचे कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये हा आजार वर्णिला, तेव्हाच धडधड, गलगंड आणि पुढे आलेले डोळे एकत्र मांडले गेले होते; मात्र डोळे का बिघडतात हे कळायला शंभराहून अधिक वर्षे गेली. १९५६ मध्ये न्यूझीलंडमधील संशोधकांना रुग्णांच्या रक्तात ग्रंथीला दीर्घकाळ चेतवणारा एक पदार्थ सापडला, तो पुढे प्रतिपिंड निघाला. हीच प्रतिपिंडे डोळ्यांमागच्या उतींवरही जाऊन बसतात. किरणोत्सारी आयोडीनने ग्रंथी नष्ट होताना प्रतिपिंडे काही काळ आणखी उसळतात आणि डोळ्यांचा त्रास वाढू शकतो, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांमध्ये. डोळ्यांचा आजार सौम्य असेल तर स्टेरॉईडच्या संरक्षणात ते देतात. सूज सक्रिय आणि ठळक असेल तर टाळतात.

थोडक्यात, एका ग्रेव्हजमध्येही पुन्हा प्रकार आहेत आणि डोळे, गलगंडाचा आकार, प्रतिपिंडांची पातळी व सिगारेट या चार गोष्टींवर उपचाराची निवड ठरते. बारा ते अठरा महिने कार्बिमाझोल घेऊन शेवटी ‘ट्रॅब’ पुन्हा तपासावे. ते उतरले असेल तर गोळी थांबवून पाहता येते, चढेच असेल तर आजार परतण्याची शक्यता मोठी असते आणि तेव्हा शस्त्रक्रियेचा किंवा दीर्घकाळ लहान मात्रा घेण्याचा विचार करावा. गोळी चालू असताना ताप येऊन घसा दुखू लागला तर ती थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करावी. हजारांत १ ते ५ जणांना, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, या पेशी धोकादायक रीतीने कमी होतात. एकाचे दोन दिसू लागले, रंग फिके दिसू लागले किंवा पापण्या मिटेनाशा झाल्या तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. आणि सिगारेट सोडणे हे आपल्या बाबतीत औषधाइतकेच औषध आहे.

प्रश्न : वय २४. केस गळतात म्हणून तपासण्या केल्या. टीएसएच कमी, टी-३ आणि टी-४ जास्त, ‘ट्रॅब’सुद्धा पॉझिटिव्ह. मला धडधड, कंप काहीच नाही, वजनही तेवढेच आहे. केसांसाठी बायोटिनची गोळी घेते. (ठाणे)

उत्तर : गोळीच्या वेष्टनावर ‘१०,००० मायक्रोग्रॅम’ असे छापले असेल तर ती तूर्त बंद करा, तीन-चार दिवस जाऊ द्या आणि सर्व तपासण्या पुन्हा करा. अनेक यंत्रांत संप्रेरक मोजण्यासाठी बायोटिनचाच चिकटा वापरलेला असतो. रक्तात ते भरपूर असले की टीएसएच खोटे कमी, संप्रेरके खोटी जास्त आणि प्रतिपिंडेही खोटी पॉझिटिव्ह दिसू शकतात. कागदावर हुबेहूब ग्रेव्हज तयार होतो. शरीराची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम आहे. तोवर एक घरगुती तपासणी करा : हात समोर ताठ धरून बोटांवर वर्तमानपत्राचे पान ठेवा. कडा थरथरत नसेल आणि नाडी सत्तरच्या आसपास असेल, तर कागदापेक्षा आपल्या शरीराचे म्हणणे अधिक खरे असण्याचा संभव आहे.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी दोन वर्षे अमिओडॅरोन आणि रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेतात. दीड महिन्यात वजन सहा किलो उतरले, टीएसएच ०.०१ आहे. अमिओडॅरोन लगेच बंद करावे का? (नागपूर)

उत्तर : स्वतःहून बंद करू नये. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते, आणि माणसाची दिवसाची गरज ०.१५ मिलिग्रॅम. त्यातले थोडेच मोकळे होते, पण तेही गरजेच्या कित्येक पट ठरते. हे औषध शरीरातून निघायला महिने लागतात, त्यामुळे आज बंद केले तरी थायरॉईडला आज फायदा नाही. हृदयाचे संरक्षण मात्र निघून जाऊ शकते. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि थायरॉईडचे डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा आहे.

येथेही प्रश्न गिरणी की कणगी हाच आहे, फक्त उत्तर मिळणे अवघड. आधीपासून गाठी असलेल्या ग्रंथीला आयोडीनचा एवढा पुरवठा झाला की ती बेफाम काम करू लागते. हा पहिला प्रकार, त्याला कार्बिमाझोल लागते. दुसऱ्या प्रकारात औषधच पेशींना इजा करते आणि साठा सांडतो. त्याला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड लागते. शरीर आयोडीनने तुडुंब असल्याने स्कॅन दोन्हींत बहुधा कोरेच येते, त्यामुळे डॉपलरमधला रक्तप्रवाह आणि गाठींचा पूर्वेतिहास यांना वजन येते. कित्येकदा दोन्ही प्रकार एकत्र असतात आणि दोन्ही औषधे सुरू करून काही आठवड्यांत काय उतरते हे पाहावे लागते. मला आत्ता अधिक काळजी वॉरफरिनची वाटते. थायरॉईडचे संप्रेरक वाढले की त्याचा परिणाम वाढतो आणि नेहमीच्या मात्रेतही रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा आयएनआर (रक्त किती पातळ झाले हे दाखवणारी तपासणी) उद्याच तपासून घ्यावा.

प्रश्न : वय ६८. टीएसएच ०.०६, टी-३ व टी-४ नॉर्मल. कसलाही त्रास नाही. दुर्लक्ष करावे असे सांगितले गेले. आयोडीनचे मीठ बंद करून सैंधव घेऊ का? (रत्नागिरी)

उत्तर : आपण थायरॉक्सिनची गोळी घेत असाल तर ती आपल्याला जास्त होते आहे, एवढेच निदान पुरेसे आहे. घेत नसाल तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. पासष्टीनंतर टीएसएच ०.१ च्या खाली टिकून राहिले तर त्रास नसतानाही उपचाराचा विचार करतात, कारण हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. या वयात गाठी असण्याचा संभव जास्त, म्हणून सोनोग्राफी आणि स्कॅन करून घ्यावे; सोबत ईसीजी आणि हाडांच्या घनतेची तपासणी. मीठ बदलण्याची गरज नाही, जेवणातल्या मिठात आयोडीन थोडेच असते. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या औषधात मात्र ते फार मोठ्या प्रमाणात असते आणि गाठी असलेली ग्रंथी त्याने काही आठवड्यांत भडकू शकते. तसा स्कॅन पुढे कधी ठरला तर टेबलावर झोपण्यापूर्वी तेथील डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवावा. थायरॉईडचा स्कॅन व्हायचा असेल तर तो आधी उरकावा, कारण त्या औषधानंतर एक-दोन महिने तो कोराच येतो.